भाऊजींच्या नावावरचं दूध

तलाठी भाऊसाहेबांनी ओट्यावर बसून चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या दिराचं निराधार अनुदान बंद झालंय. मागचं पण परत भरावं लागंल. एकोणचाळीस हजार."

मला आधी हसूच आलं. वाटलं, माणूस चेष्टा करतोय. मग मी उंबऱ्यावरच बसले.

"भाऊसाहेब, काय बोलताय राव! भाऊजींच्या कमरेखाली जीव न्हाई. ते काय बरं झालं का काय?"

विहिरीच्या कामावर वरून पडले तेव्हा भाऊजींसाठी आम्ही मुली बघत होतो. तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याकडे. लघवीची पिशवी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस पालटायची, अंघोळ घालायची. सुरुवातीला दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता काही वाटत नाही. सरकारचे ते महिन्याचे पैसे पिशव्यांत आणि मलमपट्टीतच जायचे, वर घरातलेही घालावे लागायचे. त्या पैशांना कुणी फुकटचे म्हटलं की माझं डोकं सणकतं.

भानगड झाली ती दुधामुळं. डेअरीत दूध घालणाऱ्याला एक कोड नंबर असतो. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाया घेतल्या तेव्हा तो कोड भावाच्या नावानं काढला. "त्याच्या नावावर बी कायतरी असू दे की," एवढंच म्हणाले. शेजारच्या चुलत सासऱ्यांचं दूधही त्याच कोडवर जायचं. आमच्या राजुरीत हे सर्रास चालतं. दूध एकाच्या नावावर, पैसे ज्याचे त्याला. भाऊजी हातानं चालवायच्या तीनचाकीला कॅन बांधून रोज संध्याकाळी डेअरीत जायचे. दुधाची फॅट कमी लागून भाव उतरला की तावातावानं भांडायचे. तिथली माणसं त्यांना शेठ म्हणायची. घरी आल्यावर त्या दिवशी भाकरी जास्त जायची, मी बघितलंय ना!

पेमेंट त्यांच्याच बँक खात्यात यायचं आणि अनुदानही तिथंच. अनुदान घेणाऱ्यांची तपासणी निघाली, खातं उघडून बघितलं, आणि माझा दीर एका दिवसात मोठा दूधवाला झाला. पेंड, चारा, डॉक्टर जाऊन काय उरतं आणि त्यातलं निम्मं दूध चुलत सासऱ्यांचं, हे खात्यात कुठं दिसतं?

मालक आणि मी जुन्नरला तहसील कचेरीत गेलो. मी तिथं आवाज चढवला, खोटं कशाला सांगू. साहेब शांत होते, त्यामुळं मला आणखीच संताप आला.

"ताई, तुम्ही चोरी केली असं कुणी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा असते, आणि त्यांच्या नावावर त्याच्यापेक्षा जास्त दिसतंय. हप्त्यानं भरा. अनुदान पुन्हा पाहिजे असेल तर कोड आधी दुसऱ्याच्या नावावर करा, मग नव्यानं अर्ज द्या."

येताना एसटीत मालक हप्त्याचा हिशोब करत होते. पैशाचं काय, कालवड विकली असती. पण कोड तुमच्या नावावरून काढायचा, हे भाऊजींना सांगायचं कसं, ते मला सुचत नव्हतं.

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिशव्यांना पैसं लागत्यातच की. करा तुमच्या नावावर." इतकं सहज! मीच रडायला लागले.

"नाव नुसतं कागदावर हां," मी म्हटलं. "डेअरीत तुमीच जायचं."

कोड माझ्या नावावर झाला. त्या संध्याकाळी मी कॅन भरून आणला, तर भाऊजी खाटेवरच.

"चला की, डेअरी बंद व्हईल."

"तुमी जावा, वहिनी."

"का? बरं वाटत न्हाई का?"

"मला कॅनसंगं कुणी बघितलं आन् वर कळवलं, तर परत तुमच्या डोक्यावर वसुली यायची. लई झालं तुमाला माझ्यापायी."

असं काही नसतं म्हणून किती समजावलं, मालकांनी समजावलं, तलाठी भाऊसाहेबांनाही बोलावून आणलं. भाऊजींचं एकच, न्हाई म्हंजे न्हाई. हप्ते आम्ही भरतोय, अनुदानही सुरू होईल. भाऊजी मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पडलेले नाहीत.