आत्याबाईंचा गोफ

पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते हे एकदा नीट समजलं की माणूस खोटं बोलणार नाही, भांडणार नाही आणि बहुधा चहात साखरही कमी घेईल, असा माझ्या आत्येसासूबाईंचा ठाम विश्वास होता. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या. पण शाळा सुटली म्हणून तास सुटला, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्या पंचवटीतल्या घरी जेवायला गेलो, तेव्हा माझ्या पानात पुरणपोळी वाढून त्यांनी माझ्या बायकोला पाठमोरी बसवलं, तिची वेणी सोडली आणि केसांचे दोन पेड करून त्यांना पीळ घातला. "हा डीएनए, जावईबापू. तीन पेडांची वेणी म्हणजे शुद्ध अडाणीपणा! आता हे दोन पेड सुटतात, प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. म्हणजे प्रत्येक नकलेत एक पेड जुना, एक नवा. कळलं?" पोळीवरचं तूप थिजत चाललं होतं. मी घाईघाईने "कळलं" म्हणालो. "मग सांगा बघू," त्या म्हणाल्या. ती पोळी मी गारच खाल्ली.

नक्कल करताना चुकीचं अक्षर बसलं तर पेशी मागे येऊन ते खोडते, हे तर त्यांचं लाडकं प्रकरण. खोडण्याचं हे काम त्यांनी पेशीबाहेरही सुरू केलं होतं. लग्नाच्या पत्रिका शुद्धलेखन तपासून, लाल शाईत, आहेरासोबत परत जायच्या. एकदा रविवार कारंजावरच्या मिठाईवाल्याच्या पाटीवर 'शूद्ध तूप' दिसलं, तर त्याचंच स्टूल मागून घेऊन त्या वर चढल्या आणि पर्समधल्या खडूने पाटी दुरुस्त करू लागल्या. "अहो बाई, इतकी वर्षं गिऱ्हाईक येतंय ना!" तो कळवळला. "चूक दुसऱ्या नकलेत उतरली की घर करून बसते," आत्याबाई वरूनच म्हणाल्या. मी खाली स्टूल धरून उभा होतो.

त्या निवृत्त होणार होत्या त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्यांनी कोळीनृत्याच्या आधीची जागा भांडून मिळवली आणि मुलींचा गोफ बसवला. छताच्या कडीला एक लाल, एक पिवळी अशा दोन जाड दोऱ्या. मुलींनी नाचत त्यांचा गोफ विणायचा, मग उलट्या पावलांनी सोडवायचा आणि सुटेल तशी प्रत्येक जुन्या दोरीला पांढरी नवी दोरी जोडायची. एका बाजूची पांढरी दोरी सलग यायची; दुसरीकडे मात्र तुकड्यातुकड्यांनी, कारण पेशीतही तसंच घडतं. ते तुकडे जोडणारं एन्झाइम म्हणजे मी. तोंडात सेफ्टीपिना धरून मी विंगेजवळ उभा होतो, आणि पहिल्या रांगेतून बायको माझ्याकडे बघायचं टाळत होती.

गोफ विणला गेला झकास. सोडवताना मात्र निफाडची एक मुलगी इतर मुलींच्या उलट दिशेने फिरली. पीळ सुटण्याऐवजी चढत गेला, मुली एकमेकींत अडकल्या, पेटीवाले थांबले. मागून हशा आला. मुख्याध्यापिकाबाईंनी पडदा पाडायची खूण केली. तेवढ्यात आत्याबाई पदर खोचून थेट रंगमंचावर आल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला. "पडदा नको! पेशीतसुद्धा गोफ सुटताना पुढे पीळ चढतो. मग पेशी काय करते? रडत नाही. दोरी कापते, पीळ सोडते, पुन्हा जोडते. कात्री आणा." कात्री आली. त्यांनी लाल दोरी कापली, गिरकी देऊन पीळ सोडवला आणि त्या ओरडल्या, "जावईबापू, पिन!" मी धावलो. ती मुलगी मुसमुसत होती, "बाई, मी उलटी फिरले वो, लय चुकलं." आत्याबाईंनी दोरीचं टोक तिच्याच हातात दिलं. "आता सरळ फिर. चल." पेटी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने एका गोफाचे खरोखरच दोन गोफ झाले. हसणारी मागची पोरंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. आत्याबाईंनी सेफ्टीपिना तेवढ्या मोजून परत घेतल्या.

पुढे काही वर्षांनी शाळेत संगणक आले, तेव्हा नव्या बाईंनी आत्याबाईंना आवर्जून बोलावलं. मी सोबत गेलो. पडद्यावर निळा-हिरवा डीएनए अलगद उघडला, अक्षरं आपापल्या जागी बसली, कुठे गुंता नाही की आवाज नाही. आत्याबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं, मग अजून एकदा. नव्या बाईंच्या पाठीवरून हात फिरवून "फार सुंदर" म्हणाल्या. एकही चूक काढली नाही, तेव्हाच मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परतताना आम्ही रिक्षा केली. पुलावर आल्यावर त्या म्हणाल्या, "अचूक होतं हो सगळं. पण त्यात मुली कुठे होत्या?"

वारा येत होता म्हणून मी त्यांची शाल नीट केली, आणि रिक्षावाल्याला जरा सावकाश घ्यायला सांगितलं.