निळ्या काठाचं पातळ

मुलाचा शिरगावहून फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होते. "मोठी आई गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. साठीला टेकलेला माणूस! मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. नव्वदीला आल्या होत्या, दोन महिने अंथरुणावर होत्या, गेल्या त्याही झोपेतच. तरी गाळणं हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले... आता महिना उलटलाय. रडून झालं, आणि गंमत अशी की आठवतं ते बहुतेक हसवणारंच आठवतं.

साठच्या दशकात मी सफाळ्याहून लग्न होऊन शिरगावच्या घरात आले. नारळ, केळी आणि पानवेलींची वाडी होती, आणि वाडीचं अर्धं काम अक्का एकट्या ओढत. माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायला कोणी नव्हतं. ते अक्कांनी अंगावर घेतलं. सातव्या महिन्यापासूनच त्या बाळाच्या लंगोटांच्या कापडामागे लागल्या. मूल जन्मायच्या आधी त्याच्या कापडाला कात्री लावायची नाही, ही घरची रीत. पण बघून ठेवायला कुणाची बंदी होती? एके दिवशी मला घेऊन त्या पालघरच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने हौसेने फुलाफुलांचं फ्लॅनेल काढलं. अक्कांनी ते मुठीत चुरगळलं आणि म्हणाल्या, "चार धुन्यांत गोळे येतील." मांजरपाटाचा वास घेतला, "खळ हाय नुसती." मग त्याने नव्यानेच आलेलं टेरिलीन मोठ्या दिमाखात पसरलं. अक्कांनी गल्ल्याशेजारच्या तांब्यात बोटं बुडवून त्यावर पाणी शिंपडलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळत गादीवर गेले. "पानी पीत नाय, पोर काय कोरडं र्‍हानार यात?" दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, कापड घ्यायला आलात की धुवायला?" शेवटी सुताचं एक रीळ घेऊन आम्ही परतलो. मला तर तोंड लपवावंसं वाटत होतं.

वाटेत मात्र त्यांनी मला त्यांची खरी परीक्षा शिकवली. बोटांवर भरवसा ठेवायचा नाही, कामानं बोटं राठ होतात. कापड मिटल्या डोळ्यावर ठेवायचं आणि पापणीला विचारायचं. जराही टोचलं तर ते बाळाचं नाही. घरी आल्यावर जुन्या कपड्यांची ही परीक्षा सुरू झाली. मामंजींचं धोतर पास झालं, दिरांचे सदरे नापास झाले. दांडी गावाहून मासळी विकायला येणार्‍या, सहा मुलांच्या आईचं लुगडंसुद्धा अक्कांनी मागून घेतलं, कारण सासूबाईंचा एक नियम होता. पहिल्या बाळाला कापड लेकुरवाळीचंच लागतं. अक्कांच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. हा नियम त्यांना कुणी तोंडावर ऐकवत नसे, त्याची गरजच पडत नसे. आपण होऊनच त्या आपले कपडे बाजूला ठेवत. मला ते फार लागायचं, पण नव्या सुनेनं बोलायचं तरी काय?

सासूबाईंनी आपलं निळ्या काठाचं पातळ गाठोड्यात दिलं. अगदी तसंच पातळ अक्कांचंही होतं, दोन्ही एकाच दिवाळीला एकाच ठाणातून घेतलेली. सासूबाईंचं सणावारी नेसलेलं, अक्कांचं रोज पानवेलींना पाणी घालताना नेसलेलं आणि रोज दगडावर धुतलेलं. विटून दोन्ही सारखीच दिसत.

मुलगा झाला. पाचव्या दिवशी त्याच्या मांड्यांवर लाली आली, धोतराची किनार घासली होती. अक्का विहिरीवर गेल्या होत्या आणि ती दोन्ही पातळं धुऊन माझ्या खोलीतल्या पेटीवर घडी घालून ठेवलेली होती. सासूबाईंचं समजून मी अक्कांचं फाडलं, असं आमच्या घरात आजवर सांगितलं जातं.

अक्का आत आल्या आणि दारातच थबकल्या. "अगो, ह्ये काय केलंस! ह्ये माझं हाय!" त्यांचा चेहरा उतरला. आवाज ऐकून सासूबाई आल्या. "आई, मला वाटलं तुमचंच," मी कशीबशी म्हणाले. सासूबाईंनी एक तुकडा उचलला आणि डोळे मिटून पापणीला लावला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुकडा अक्कांच्या हातात दिला. "फाडलंय ना? आता काय जोडायचंय! शिव."

अक्का तिथेच भुईवर बसून शिवायला लागल्या. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे बाळाला रुतत नाही, असं मला समजावताना त्यांचा आवाज ओला होता आणि सुईत दोरा काही केल्या जाईना. तिसर्‍या दिवशी लाली गेली. बारशाला सासूबाईंनी बाळ आधी अक्कांच्या मांडीवर दिलं. पुढे तर गावातल्या पोटुशा मुली जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन त्यांच्या ओटीवर येऊन बसायच्या, आणि अक्का एकेकीचं कापड डोळ्याला लावून निकाल द्यायच्या. खूप सुखात जगल्या अक्का, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याजवळ बसले होते. चादर चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "यात पॉलिस्टर हाय." मी हसले. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "ते पातळ तू चुकून नाय फाडलंस." मी चादर सारखी करू लागले. "डोळं चुकतील, पापनी चुकत नाय. तुला मीच शिकवलं ना?"

"मग तेव्हा का बोलला नाहीत, अक्का?"

"आईंसमोर बोलू? पन त्यांना कळलं होतंच गो... मला पापनी लावायला त्यांनीच शिकवलेलं."

त्यातला एक लंगोट माझ्या कपाटात आहे, निळा काठ आता शोधावाच लागतो. परवा मुलगा आला तेव्हा तो बाहेर काढला. मी काही न सांगताच त्यानं चष्मा काढून डोळे मिटले आणि लंगोट पापणीवर ठेवला.