डिंगोंच्या कुंपणात भाकरी

बाबांच्या परतीच्या विमानाला आठ दिवस उरले, तेव्हा मी ठरवलं, आता भाषण पुरे, निघायचं.

मी मूळची नागपूरची, वोल्फ्सबुर्गमध्ये गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते आणि जयंतीच्या कार्यक्रमांत तासतासभर बोलते. हॉल भरून टाळ्या मिळतात. पण अकरा वर्षांच्या माझ्या सुजाताला काही पटवता येईल तर शपथ! तिने जाहीर केलं होतं, "नाख नागपूर? नी वीडर." नागपूरला पुन्हा कधीच नाही.

कारण होतं लाल्या. बाबा रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालतात. मागच्या खेपेला त्यांनी एक तुकडा सुजाताच्या हातात दिला, लाल्या झेपावला आणि भाकरीबरोबर तिचं मनगटही त्याच्या दातात आलं. पुढे इंजेक्शनं, ताप आणि आजीवन नकार. परत आल्यापासून ती शेजाऱ्यांचा एवढुसा, आखूड पायांचा डाक्सहुंड कुत्रा दिसला तरी रस्ता ओलांडते. बाबा तीन महिने आमच्याकडे होते. 'हिवाळ्यात येशील ना?' एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण विचारत नव्हते. मला म्हणाले, "भाकरी मीच दिली होती. कोणत्या तोंडानं बोलावू?"

ते आले त्याच आठवड्यात तो डाक्सहुंड समोर आला आणि सुजाता किंचाळली, "हाड!" नागपुरात मामेभावांकडून उचललेला शब्द. बाबा फुटपाथवर जागीच थांबले.

"हा शब्द नको, पोरी. लहानपणी मी आईबरोबर विहिरीवर जायचो, तेव्हा लोक तिला हेच म्हणायचे."

सुजाताला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "उंड वास सोल इश डान सागेन?" मग म्हणू काय?

मी भाषांतर केलं. बाबांनी बराच विचार केला. "हळू आवाजात म्हण, जा बाळा."

तर, प्रवास. ऑक्टोबर २०१६, शनिवार. वोल्फ्सबुर्गहून हाइडेकडे, म्हणजे त्या झुडपांच्या माळरानाकडे, गाडीने दीड तास. आउटोबान, म्हणजे द्रुतगती महामार्ग, सुटला की ट्रॅक्टरमागे रांगायची तयारी ठेवा. रस्त्याकडेला सफरचंदांच्या पेट्या आणि शेजारी पैशांचा डबा, विक्रेता कुणीच नाही. बाबांनी गाडी थांबवायला लावली, कुणी खरंच नाही ना हे झाडामागे जाऊन पाहिलं आणि एक पिशवी घेतली. शनिवार-रविवारी इकडे बस नावालाच असते, तेव्हा गाडी नसेल तर मित्राची गाडी, मित्रासकट, मिळवा.

वन्यप्राणी उद्यानात लांडगे आहेत, लिंक्स ही मोठी रानमांजरं आहेत, पण आम्ही गेलो ते डिंगोंसाठी, ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यांसाठी. संकेतस्थळावर फोटो पाहून बाबा हसत सुटले होते, "अवं, हा तर आपला लाल्या!" तांबूस अंग, ताठ कान, पांढरे पंजे. तेवढ्यावर मी भेट ठरवून टाकली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: दोन आठवडे आधी मेल करा. एका वेळी दोघांनाच आत सोडतात, वय दहाच्या वर हवं, बंद बूट हवेत, खिसे रिकामे हवेत. भेटीचे पैसे वेगळे आणि कार्ड चालत नाही, रोख न्या. मी नावं दिली होती बाबांचं आणि माझं. सुजाता कुंपणाबाहेर उभी राहणार होती, तेही मोठ्या मिनतवारीने.

राखणदार हाइकं, चिखलाचे बूट घातलेली पन्नाशीची बाई, फाटकाशी माहिती देऊ लागली. डिंगोचे पूर्वज आशियातून माणसांबरोबर होड्यांतून ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे ते रानटी झाले. आज शेतकरी त्यांना उपद्रवी म्हणतात, कायदाही ठिकठिकाणी तसंच म्हणतो.

मला राहवलं नाही. "म्हणजे आणलं माणसानं, सोडलं माणसानं आणि वेशीबाहेरचं ठरवलंही माणसानंच! हा कुठला न्याय? कुणी दिला हा अधिकार?"

मुद्दा आजही मागे घेत नाही. पण आवाज चढला होता. जाळीपलीकडचे दोन्ही डिंगो उठले आणि ओंडक्यामागे दिसेनासे झाले.

हाइकं मला शांतपणे म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"पण माझं तिकीट..."

"तुम्ही बाहेर. आजोबा चालतील. त्यांना जर्मन येतं?"

येत नव्हतं. सूचना कळल्याशिवाय ती कुणालाही आत नेणार नव्हती. बाबा कोटाची बटणं उगाच लावत म्हणाले, "राहू दे. इथूनच पाहतो."

तेवढ्यात मागून आवाज आला, "इश गे मिट." मी जाते सोबत.

मी तोंड उघडलं. सुजाताने माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं.

दोन फाटकं एकामागून एक बंद झाली. आजोबा आणि नात एका ओंडक्यावर बसले. हाइकं एकेक सूचना देत होती आणि माझ्या मुलीच्या तोंडून, अडखळत, मराठी येत होतं. "आजोबा, हात खाली. त्याच्या डोळ्यात नाही बघायचं. तो येईल, आपण नाही जायचं." जाळीला नाक लावून मी ऐकत होते.

धाकटा डिंगो आला तो थेट बाबांकडे. कोटाच्या छातीशी हुंगू लागला आणि हटेना.

हाइकं सावध झाली. "त्यांच्या खिशात काय आहे?"

"आजोबा, खिशात काय?"

"काही नाही वं. बाहेरचे सारे रिकामे केले." मग बाबांचा चेहरा पडला. "आतल्या खिशात... भाकरी."

सकाळी निघताना मीच थापलेल्या भाकरीचा चतकोर, रुमालात बांधलेला! रस्त्यात मुकं जनावर भेटलं तर रिकाम्या हाताने पुढे जायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. जर्मनीत भटकं कुत्रं औषधालाही नसतं, तरी तीन महिने ती भाकरी रोज त्यांच्याबरोबर फिरायला जात होती.

"मुलीकडे द्या, ती मला देईल. सावकाश," हाइकं म्हणाली. ती सुजाताच्या पलीकडे होती.

तेच मनगट. तीच भाकरी. समोर लाल्याचाच चेहरा. बाबांनी रुमाल मुठीत आवळला. "नको. मीच फेकतो दूर..."

"नाही आजोबा. फेकायचं नाही. द्या."

तिने रुमाल घेतला. डिंगोचं नाक तिच्या बोटांपासून वीतभर. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. त्याने मान पुढे केली आणि मला ऐकू आलं, अगदी हळू, "जा बाळा. जा."

डिंगोने तिचा अंगठा हुंगला. शिंकला. वळला आणि पलीकडच्या ओंडक्यावर त्यांच्याकडे पाठ करून बसला. रुमाल हाइकंच्या हातात पोचला होता.

बाहेर आल्यावर हाइकंने बाबांना चांगलं झापलं. नियम म्हणजे नियम! सुजाताने ते सगळं मराठीत ऐकवलं, पदरचं थोडं घालून. बाबा कान पकडून उभे. मग हाइकंने भाकरी परत दिली आणि विचारलं, हे कशाचं असतं? उपाहारगृहाबाहेरच्या बाकावर तिने ज्वारीची भाकरी आमच्या डब्यातल्या ठेच्याबरोबर खाल्ली, डोळ्यांत पाणी आणून. तिथले तळलेले बटाटे ठीक आहेत. डबा मात्र न्याच.

परतताना गाडीत सुजाताने विचारलं, "लाल्या आहे अजून?"

"आहे. म्हातारा झाला," बाबा म्हणाले.

"मी येईन. पण पहिल्या दिवशी दारातच उभी राहणार. आणि भाकरी तुम्ही नाही द्यायची. मी मागेन तेव्हा."

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. सफरचंदांच्या पेट्या मागे गेल्या तरी मान वळली नाही.

भीती गेली का? नाही. आता बाबा नागपुरात आहेत, डिसेंबरची तिकिटं निघाली आहेत आणि आज सकाळी तो डाक्सहुंड समोर आला तेव्हा सुजाताने माझा हात घट्ट धरलाच. पण रस्ता ओलांडला नाही. हात खाली, नजर बाजूला, ती उभी राहिली. माझ्याकडे या प्रसंगावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी एक शब्द बोलले नाही.