दालचिनीचं पाणी

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला डायबिटीस निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. घरात मी कोणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे या आजाराचं एकच कारण माहीत आहे, ते म्हणजे खाण्यावर ताबा नसणं. माझ्या जाडीवर तर लग्नापासून सगळे हसत आलेले.

खालच्या मजल्यावर मोठ्या जाऊबाई राहतात. त्यांना मी ताई म्हणते. हवेत गारवा आला की त्या केकच्या ऑर्डरी घेतात. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ आणि भरपूर गूळ. वास जिन्यावरून आमच्या घरात येतो. न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "जायफळाने झोप लागते, सुंठीने पोट हलकं राहतं, लवंग दाताला चांगली. आणि दालचिनी तर शुगरवर उत्तमच."

हे मी वरून ऐकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. गोळ्यांनी पोट बिघडत होतं, शिवाय त्या लपवाव्या लागत होत्या. दालचिनीचं पाणी उघडपणे पिता येत होतं. विचारलंच कोणी, तर वजनासाठी म्हणायचं. मी गोळ्या सोडल्या. ताई केक पाठवायच्या, तोही खात राहिले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

तहान वाढली, बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या. थंडी आहे, होतं असं, म्हणून मी स्वतःला समजावलं.

मग ताईंच्या भाच्याचा साखरपुडा आला, मनमाडला. येताना हे गाडी चालवत होते, शेजारी मोठे दीर, मागे ताई आणि मी. चांदवडला मी गाडी थांबवायला सांगितली. पिंपळगावला परत. दीर हसून म्हणाले, "हिच्यासाठी आता वेगळीच गाडी करायला हवी." हेही हसले. त्यानंतर मला तोंड उघडवेना. ओझरच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती. मी साडीचा पदर मुठीत धरून बसले. आणि माझं मला आवरलं नाही.

काय झालं ते ताईंना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायाजवळची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि माझ्या मांडीवर पालथी केली.

"अगं बाई, सांडली बघ. सगळी भिजवली तुला."

"लक्ष कुठे असतं तुझं?" दीर त्यांच्यावर खेकसले. घर येईपर्यंत त्या ती बोलणी ऐकून घेत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. पंचेचाळिशीची, नोकरी करणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वर आल्या. दार लावलं. "किती दिवस चाललंय हे?"

मी सगळं सांगितलं. दालचिनीचंही.

"मला कळलं असतं तर मी तुला गुळाचा केक पाठवला असता का?" त्या म्हणाल्या. "आणि दालचिनीचं ते मी कुठेतरी ऐकलेलं बोलते गं. केक खपावा म्हणून."

डॉक्टरांकडे आम्ही दोघीच गेलो. साखर फार वाढली होती. "मसाले जेवणात घाला, चव येते, थोडाफार गुणही असेल," ते म्हणाले, "पण गोळीच्या जागी नाही. आणि बाजारातली ती जाड सालीची दालचिनी रोज जास्त पोटात गेली तर लिव्हरला त्रास होतो." मी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी गोळी बदलून दिली, ती पोटाला सोसली.

यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. हे म्हणाले, "एवढंच ना?" त्यांना ते एवढंच वाटलं. गाडीतलं मात्र मी सांगू शकले नाही, अजूनही नाही. ताईंनीही कुणाकडे काढलं नाही, आणि त्यांच्या पोटात एरवी काही राहत नाही.

आता साखर आटोक्यात आहे. पण घरातले सगळे मिळून कुठे निघायचं ठरलं, की मी काहीतरी निमित्त काढून मागे राहते.