उणं पुसा, खाली बसा

“चोरांची अख्खी टोळी एकाच खिडकीतून आत शिरली आणि एकाचाही गुडघा खरचटला नाही, असं कधी ऐकलंय का सर?” लॉगताई म्हणाली. “कॉपी करणारं पोर निदान शेवटचा आकडा तरी वेगळा पाडतं. तेवढी लाज त्यालाही असते.”

“तेच म्हणतोय मी. यांनी तीही सोडली.”

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी उत्तरपत्रिकांची चळत तिच्याकडे ढकलली. चौथा प्रश्न सगळ्यांनी सारखाच चुकवला होता. द्रावणातला पदार्थ किती वेगाने विरतो, ते काढायचं होतं. सगळ्यांचं उत्तर खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. संध्याकाळच्या टपालाने कॉपीचा अहवाल परीक्षा मंडळाकडे गेला, की वर्गाचं वर्ष बुडणार होतं.

त्या चळतीशेजारी आणखी एक कागद पडला होता. लॉगताईची नेमणूक दरसाल नव्याने व्हायची. यंदाची अजून सहीवाचून होती, आणि सही याच सरांची लागायची. नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यापासून घराचं चाक तिच्या एकटीच्या पगारावर फिरत होतं. त्यामुळे बोलताना तिची नजर त्या कागदाला शिवायची आणि चटका बसल्यासारखी मागे यायची.

रसायनवाल्या पोरांना लागेल तेवढं गणित शिकवणं, हे तिचं काम. ही पोरं गणिताला भिऊन रसायनाकडे पळालेली, आणि पहिल्याच वर्षी गणित दारात पाय पसरून बसलेलं. लॉगताई त्यांना तिच्या गावरान बोलीत सांगायची, “भोक पडलेलं मडकं बघितलंय ना? भरलेलं असताना धार जोरात, रिकामं होत आलं की मुळूमुळू. त्याचा आलेख वाकडा. वाकड्याला सरळ करायचं तर लॉग घ्यायचा. रेघ उतरती, म्हणून उतार उणा येतो; ते उण्याचं चिन्ह पुसलं की वेग.” या लॉगवरूनच पोरांनी तिचं नाव पाडलं होतं. तिला ते आवडायचं.

तिचा बाप विहिरी खोदायचा. दगड वर ओढताना गडी एका सुरात ओळी म्हणायचे, म्हणजे सगळ्यांचा जोर एकदम लागायचा. हाताने करायचं ते तोंडाने म्हणावं, ही तिची शाळा. म्हणून तिने वर्गाला चार ओळी बांधून दिल्या होत्या. इतर मास्तर हसायचे. हसू देत. तिची पोरं पास व्हायची.

“एकीला बोलवा,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर गणित घाला. पाठ केलंय का चोरलंय, कळेल.”

चष्मेवाली आली. वर्गातली हुशार पोर, पण आत्ता तोंडचं पाणी पळालेलं. सरांनी नवे आकडे दिले, लॉगचा छापील तक्ता दिला आणि समोर बसवलं. खोलीत पंख्याची कुरकुर आणि पेन्सिलीची खरखर. लॉगताई दाराशी उभी होती. पोरीने तक्त्यातून आकडे काढले, ठिपके मांडले, पट्टी लावली. मान खाली होती, पण ओठ हलत होते.

लॉगताईने ते ओठ वाचले. त्यांवर तिच्याच चार ओळी होत्या.

लॉग घ्या, ठिपके मांडा,
पट्टी धरून रेघ सांधा;
उतार मोजा, उणं पुसा,
वेग सापडला, खाली बसा.

दरसाल पोरं कॅल्क्युलेटर घेऊन बसायची. त्यावरच्या ‘एल-एन’च्या, म्हणजे नैसर्गिक लॉगच्या, बटणाला तिच्या ओळी बरोबर लागायच्या. यंदा परीक्षेत कॅल्क्युलेटरला बंदी आली आणि हातात पडला हा तक्ता. तक्त्यातला लॉग दहाच्या मापाचा. माप मोठं, म्हणजे आकडा लहान. शेवटी दोन पॉइंट तीन शून्य तीनने गुणलं तरच खरा वेग. ते तिच्या ओळींत नव्हतं. ती स्वतः बेरीज केल्यासारखं सहज गुणून टाकायची. पोरं मात्र ‘खाली बसा’ आलं की खाली बसली होती.

“हे बघा!” सरांनी कागद उचलला. “परत तीच चूक. कोणी दिलं हे तुला?”

चष्मेवालीने एकदाच लॉगताईकडे पाहिलं आणि नजर पायाच्या अंगठ्यावर नेली. “कोणी नाही सर. डोक्यातून आलं.”

“सगळ्यांच्या डोक्यातून?”

पोरीने पेन्सिल खाली ठेवली. लॉगताईला कळलं, हिला माहीत आहे. मुंडी तुटली तरी ही नाव घ्यायची नाही. सरांनी पेनाचं टोपण काढलं. बिनसहीचा कागद तिथेच होता. गप्प राहिलं तर कोण विचारणार होतं?

पेन अहवालावर टेकलं.

“थांबा सर,” ती म्हणाली, आणि विहिरीवरचे गडी म्हणायचे तशा खड्या आवाजात तिने चारही ओळी म्हणून दाखवल्या. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. “हे माझं आहे. पोरांनी एकमेकांचं नाही, माझं उतरवलंय. दोन पॉइंट तीन शून्य तीन मी खाल्लं.”

सरांनी पोरीचा कागद पुन्हा वाचला. “म्हणजे नाचता तुम्हाला येईना, आणि अंगण मी तपासत बसलो.”

“अंगण सरळच होतं सर.”

त्यांनी अहवाल आडवा फाडला. “चौथ्याचे गुण जातील. कॉपीचा ठपका लागणार नाही.” मग तिच्या नेमणुकीचा कागद उचलला आणि बिनसहीचाच खणात टाकला. “याचं मात्र मला वर विचारावं लागेल बाई. शिकवण्यात चूक झाली, हे लिहावं लागेल.”

“लिहा,” ती म्हणाली.

जिन्यात चष्मेवाली हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही कशाला बोललात? आम्ही कोणी बोलणार नव्हतो.”

“म्हणूनच बोलले. चल, तास सुरू झालाय. आणि तुझे ओठ फार हलतात, परीक्षेत तोंड मिटून मोजत जा.”

वर्गात बातमी आधीच पोचली होती. लॉगताईने फळा पुसला, खडू घेतला, जुन्या तीन ओळी लिहिल्या आणि ‘उणं पुसा’च्या खाली नवी ओळ घातली: तक्ता दहाचा असेल जर, दोन पॉइंट तीन शून्य तीनने गुणा वर.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “ताई, ओळ लंगडतेय.”

“लंगडू दे. लंगडा बैलही घरी पोचतो. म्हणा माझ्यामागून.”