पाच दारांची परडी

मी मुळात हात पसरणारी बाई नाही. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची वेळ आली, तर मी बिनसाखरेचा चहा पिईन. हे आधीच सांगून टाकते. माझी लेक जन्मली तेव्हा तिच्या हृदयाला बारीक छिद्र आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि तिकडे कोल्हापुरात माझी आई अंबाबाईला बोलून बसली: पोर जगू दे, तिची आई पाच घरी जोगवा मागेल. पोर जगली, चार वर्षांची झाली, आणि जोगवा तसाच राहिला. आईच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ त्याचीच. मी ती वाचून पत्र घडी करून ठेवायची. आम्ही इंग्लंडात ब्रॅकनेलला राहायचो, पण आपली मराठी मंडळी स्लाऊला, आणि त्यांच्यात बसून मी अशा नवसांची मनसोक्त थट्टा केलेली. आता कोणत्या तोंडाने त्यांच्याच दारात देवीच्या नावाने मूठभर धान्य मागणार?

मग छिद्र आपोआप बुजणार नाही हे नक्की झालं आणि ऑपरेशन ठरलं, नेमकं नवरात्रातल्या शुक्रवारी. माझी पाचावर धारण बसली. देवी सूड उगवत नाही हे कळत होतं, पण पोटातली भीती कुठे ऐकते? मंगळवारी ह्यांनी रजा घेतली होती. लेकीला त्यांच्यापाशी ठेवलं.

"अगं, कुठे निघालीस?"

"बाजाराला," म्हटलं. खोटं नव्हतं. थेम्सच्या काठी एका गावात मंगळवारचा बाजार भरायचा आणि तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. आईने दिलेली वेताची छोटी परडी पिशवीत ठेवली आणि बस पकडली.

सकाळी धुकं दाट होतं. चौकातले स्टॉल, त्यांची रेघारेघांची छतं, माणसं, सगळं अर्धंच दिसत होतं. भाजीवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. "काय देऊ, लव्ह?" आपल्याकडे 'ताई' म्हणतात तसं त्याने विचारलं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "गाजरं द्या." चीजवाल्याकडे चीज घेतलं. बटणं विकणाऱ्या बाईकडून बटणं घेतली, निळी, जी कुठल्याच कपड्याला लागणार नव्हती. दुपारपर्यंत पिशवी जड झाली आणि परडी रिकामीच. माझं मलाच हसू आलं, आणि रडूही.

बाजारातून निघून नदीच्या कडेची पायवाट धरली. उपास होता, डोकं हलकं झालं होतं. कुरणात मेंढ्या धुक्यातून उमटायच्या आणि पुन्हा नाहीशा व्हायच्या. कुठल्यातरी चर्चची घंटा वाजत होती, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी चालतेय की ती पायवाटच मला नेतेय, कळत नव्हतं. भीतीसुद्धा थोडी दूर गेल्यासारखी वाटली. किती वेळ चालले कोण जाणे. वाट फिरून पुन्हा गावाच्या टोकाशी आली, तेव्हा एका लांबलचक छपराखाली बैठ्या घरांची ओळ दिसली. एक म्हातारी बाई अंगणातली पानं झाडत होती.

"बैस जरा," ती म्हणाली, "रंग उडालाय तुझा."

मी तिच्या बाकावर बसले आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. लेक, शुक्रवार, आईचा नवस. ती हसली नाही.

"ही धर्माची घरं आहेत," ती म्हणाली. "ज्यांना दुसरं घर नाही, त्यांच्यासाठी बांधलेली. आम्ही सगळेच इथे जागा मागून आलोय. पहिल्यांदा जड जातं. किती घरं म्हणालीस?"

"पाच."

तिने झाडू उचलून ओळीकडे दाखवलं. मी दारं मोजली. पाचच होती.

पहिल्या दाराशी मी पिशवीतून परडी काढली. म्हातारी झाडू धरून मागे उभी. शेवटी म्हटलं, "माझ्या मुलीसाठी मूठभर काही द्याल का?" आतल्या बाईने काही न विचारता पीठ आणून घातलं. दुसरीकडे ओट्स मिळाले, तिसरीकडे साखर. चौथ्या दारातल्या आजोबांनी परडीत अलगद अंडं ठेवलं. देवीच्या परडीत अंडं! आई तिथे असती तर तिने कपाळावर हात मारला असता. पण मागणाऱ्याने निवड करायची नसते, एवढं तोवर मला उमगलं होतं.

पाचवं घर झाडूवालीचं. ती माझ्या आधी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला क्षणभर वाईट वाटलं. मग कळलं. मी दार वाजवलं. तिने उघडलं, मला प्रथमच पाहत असल्यासारखी, आणि मी पुन्हा सगळं पहिल्यापासून मागितलं. तिने एक सफरचंद दिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी पिठाचा शिरा केला, सफरचंद किसून घातलं, देवीला दाखवला. अंडं उकडून लेकीला दिलं. तिने ते मिटक्या मारत खाल्लं.

शुक्रवारी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तिची ट्रॉली थांबली. एरवी मी "थँक यू, डॉक्टर" म्हणून ताठ उभी राहिले असते. त्या दिवशी दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "माझी मुलगी मला परत द्या." सर्जन थांबले, माझ्याकडे पाहून त्यांनी होकारार्थी मान हलवली. दार मिटलं. मागायचं होतं ते मागून झालं होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची भीतीही वाटली नाही. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले.

देवीने तिला माझ्या ओंजळीत परत घातलं. आईला पत्रात लिहिलं, जोगवा झाला. अंड्याचं मात्र लिहिलं नाही.