आत्याने न तपासलेले नकाशे

माझी आत्या पाणी खात्याच्या तळघरात काम करते. जुन्या कॉम्प्युटरवरचे पाइपांचे नकाशे अजून पन्नास वर्षांनीही उघडतील अशा फॉरमॅटमध्ये बदलून ठेवायचे, हे तिचं काम. बदलतं मशीनच, पण आत्याचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. डावीकडे जुनी फाइल, उजवीकडे नवी, आणि स्क्रीनवर बोट फिरवत चाललेलं असतं, "व्हॉल्व्ह आला. वळण आलं. टीप आली. चला, पुढच्या बाई!" शेवटचं पान जुळलं की मगच जुनी पुसायची. घरी मी तिची ही नक्कल केली की बाबांना ठसका लागायचा आणि आत्याच म्हणायची, "मैनाबाई, बोट अजून जरा वाकडं करा."

तिचे साहेब तर मला त्याहून झक्कास जमायचे. घोगरा आवाज आणि दर वाक्याला "काय समजलं?" एका दुपारी मैत्रिणीच्या फोनवरून मी आत्याला फोन लावला.

"बाई, तो जुना गठ्ठा आजच संपवा. तपासणी राहू दे. पुसून जागा मोकळी करा. काय समजलं?"

"हो, साहेब."

मला वाटलं, ओळखलं हिने. मी आणि मैत्रीण पोट धरधरून हसलो. संध्याकाळी तिला सांगणार होते. मग क्लास होता, मग विसरले.

महिन्याभराने खात्यातून निवृत्त झालेले एक नळवाले काका आत्याच्या तळघरात आले. रस्ता खणायचा होता म्हणून त्यांना खात्याने बोलावलं होतं. तीस वर्षं त्यांनी नकाशांच्या कडेला टिपा लिहिल्या होत्या. नव्या फाइलींत नकाशे होते, टिपा नव्हत्या. जुन्या फाइली पुसलेल्या. राखीव प्रतही दर आठवड्याला याच फाइलींवरून बनायची, तीही तशीच.

साहेब म्हणाले, "मी फोन केलाच नव्हता. चूक झाली तर झाली म्हणा बाई, माझं नाव कशाला?"

"मलाच भास झाला असेल," आत्या घरी येऊन म्हणाली. तेव्हा मला माझा फोन आठवला.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले. आत्या, साहेब, काका सगळे तिथेच होते. "फोन मी केला होता."

"तू? माझ्या आवाजात?" साहेबांना खरंच वाटेना. करून दाखवावं लागलं. "काय समजलं?"पर्यंत पोहोचले आणि पलीकडच्या टेबलांवरचे दोघे कारकून हसत सुटले. साहेबही हसले. एरवी याच हसण्यासाठी मी जीव टाकते. तेव्हा वाटलं, जमीन दुभंगावी.

आत्या हसली नाही. "निदान पहिली दहा पानं तरी बघायची होती मी," ती हळूच म्हणाली. "पण मलाही त्या दिवशी लवकर निघायचं होतं गं."

काकांनी छापील नकाशा पुढे ओढला, पेन्सिल घेतली. "इथे माती भुसभुशीत. इथे दोन हातांवर विजेची केबल." तिसऱ्या जागी पेन्सिल टेकवून ते थांबले. आम्ही सगळे त्या टोकाकडे बघत राहिलो.

"नाही बुवा," ते म्हणाले. "लिहून ठेवलं होतं ना, म्हणून डोक्यात नाही ठेवलं."